वारसा कुणाचा, हे आधी विचारा

ऐतिहासिक वास्तू टिकवायची असेल तर माणसांना तिच्यापासून लांब ठेवलं पाहिजे, असं माझं अनेक वर्षं ठाम मत होतं. त्या मताच्या बळावर मी चंद्रपूरच्या जिल्हा न्यायालयात आणि उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठापुढे उभी राहिले, युक्तिवाद केले, स्थगिती मिळवल्या. आज माझं मत बदललं आहे. ज्यांच्या जगण्यात ती वास्तू, तो डोंगर, तो देव आहे, त्यांचा हक्क मी आता आधी मानते आणि दगडामातीचं रक्षण त्या हक्कातूनच होईल असं मला वाटतं. चंद्रपूर-गडचिरोलीतले तरुण वकील या कामाकडे वळताना दिसतात आणि बहुतेक जण मी जिथून सुरुवात केली तिथूनच करतात. म्हणून हा बदल कसा घडला ते मोकळेपणानं सांगते.

जुन्या मतामागे भक्कम कारणं होती. चंद्रपूर शहराभोवती गोंड राजांनी बांधलेला परकोट सुमारे ११ किलोमीटर लांबीचा आहे. जटपुरा, बिनबा, पठाणपुरा आणि अंचलेश्वर हे त्याचे चार दरवाजे आणि शिवाय पाच खिडक्या. मी वकिली सुरू केली तेव्हा बुरुजांवर झाडांची मुळं पसरलेली होती, तटाच्या आतल्या बाजूला कचऱ्याचे ढीग होते आणि ढासळलेले चिरे कुणाकुणाच्या घराच्या पायात गेलेले दिसत. अंचलेश्वर दरवाज्याजवळ राणी हिराईनं पती बीरशहांसाठी बांधून घेतलेली समाधी आहे. तिच्यावरची नक्षी हातानं चाचपून पाहिली की ती वाचवायलाच हवी असं मनातून वाटायचं. तिकडे भद्रावतीला विजासनची बौद्ध लेणी आणि त्याच तालुक्यात कोळशाच्या खाणी. चामोर्शी तालुक्यात वैनगंगा उत्तरवाहिनी होते त्या वळणावर मार्कंडादेवचा मंदिरसमूह. शिल्पांच्या बाबतीत त्याला विदर्भाचं खजुराहो म्हणतात. वीज पडून मुख्य मंदिराची मोठी हानी झाली आणि १८७३-७४च्या दौऱ्यात पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅम आला तेव्हा त्यानं या पडझडीसह सगळ्याची नोंद केली. ती नोंद झाली, पुढे संरक्षण मिळालं, म्हणून आज तिथे पाहायला इतकं उरलं आहे. हे ऋण मी आजही मानते.

अशा ठिकाणी वकिलाच्या हाती १९५८चा प्राचीन स्मारकांचा केंद्रीय कायदा असतो आणि राज्य संरक्षित स्मारकांसाठी महाराष्ट्राचा १९६०चा कायदा. २०१०च्या दुरुस्तीनं केंद्रीय कायद्याला धार आली. संरक्षित स्मारकाच्या हद्दीपासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र, त्यापुढे २०० मीटर विनियमित क्षेत्र. प्रतिबंधित क्षेत्रात बांधकाम केलं तर दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाख रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही. वकिलाला अशी तरतूद फार आवडते. फीत लावायची, अंतर मोजायचं, पंचनामा जोडायचा, राजपत्रातली अधिसूचना दाखवायची. न्यायाधीशांना पटवायला फारसं काही लागत नाही. राज्यघटनेचा अनुच्छेद ४९ राष्ट्रीय महत्त्वाच्या स्मारकांचं रक्षण करण्याची जबाबदारी राज्यावर टाकतो, तो माझ्या प्रत्येक अर्जात पहिल्या पानावर असे. माणूस माझ्या अर्जात फक्त अतिक्रमणदार म्हणून यायचा.

माझ्या मनात पहिली शंका आली ती परकोटालगतच्या एका वस्तीतल्या कागदांमुळे. एका मोठ्या बांधकामाविरुद्धच्या प्रकरणात आजूबाजूच्या घरांचीही यादी जोडलेली होती. त्या यादीत एका बाईंचा अर्ज होता. घर कवेलूचं, तीन पिढ्यांचं, तटापासून जेमतेम हाकेच्या अंतरावर. त्यांना घरामागे संडास बांधायचा होता. सोबत हातानं काढलेला नकाशा, वीजबिल, घरपट्टीच्या पावत्या आणि एक फोटो. फोटोत मागची भिंत, तिला टेकवलेली शिडी आणि संडासासाठी आखलेला चौकोन.

कायदा काय म्हणतो ते मला तोंडपाठ होतं. जुन्या घराची दुरुस्ती परवानगी घेऊन करता येते. सार्वजनिक शौचालय, नाली, लोकांसाठीची पाण्याची सोय या गोष्टी 'बांधकाम' या व्याख्येतूनच वगळल्या आहेत. पण घरचा संडास म्हणजे नवं बांधकाम आणि नवं बांधकाम १०० मीटरच्या आत चालत नाही. त्या मोठ्या इमारतीला लागू होणारी मनाई आणि या चौकोनाला लागू होणारी मनाई एकच. इमारतवाल्यांकडे वकील होते, तारखा काढण्याची ताकद होती. बाईंकडे तो अर्ज होता आणि त्यावर 'नियमात बसत नाही' असा शेरा होता. तटाला धोका कुणापासून आहे आणि मनाईचा भार कुणावर पडतो, हे त्या दिवशी मला फार स्पष्ट दिसलं.

नंतर २०१७ साली चंद्रपूरच्या इको-प्रो संस्थेनं बंडू धोतरे यांच्या पुढाकारानं परकोटाची सफाई सुरू केली. रोज सकाळी माणसं कुऱ्हाडी, विळे, फावडी, घमेली घेऊन बुरुजांवर जात होती. शेकडो दिवस हे चाललं. त्या वर्षी ऑक्टोबरमधल्या 'मन की बात'मध्ये पंतप्रधानांनी त्याचा उल्लेख केला, पण माझ्यासाठी त्याहून मोठी गोष्ट वेगळी होती. दबलेले चिरे उघडे पडले, तटावरून चालता येऊ लागलं आणि लोक मुलाबाळांना घेऊन फिरायला येऊ लागले. कायद्यानं ज्यांना लांब ठेवायचं ठरवलं होतं, त्याच शहरातल्या माणसांनी जवळ येऊन हे केलं. कायदा तर कितीतरी आधीपासून होता. तटाला आपला म्हणणारी माणसं तेवढी कमी पडत होती.

तरीही माझं मत पूर्णपणे पालटलं ते गडचिरोलीनं.

धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाची गोष्ट आमच्याकडे बहुतेकांना ठाऊक आहे, पण तिच्यातला एक भाग मी वकील म्हणून उशिरा नीट वाचला. ऐंशीच्या दशकात गावानं आपला घोटुल पुन्हा उभारला. घोटुल म्हणजे गोंड गावाची तरुण मुलांची शाळा, नाचगाण्याचं आणि गावबैठकीचं ठिकाण. त्यासाठी रीतीप्रमाणे जंगलातलं लाकूड आणलं. वनखात्याच्या दृष्टीनं ते विनापरवाना तोडलेलं लाकूड होतं, म्हणून घोटुल मोडण्यात आला. तेव्हा परिसरातल्या गावांनी एकत्र बसून विचार केला आणि इतर गावांतही घोटुल उभे राहिले. एवढ्या गावांपुढे खात्याला मग माघार घ्यावी लागली.

या गोष्टीत दोन कायदे आहेत आणि दोन्हींना वारसा दिसत नाही. वन कायद्याला त्या खांबांत फक्त सागवान दिसतं. प्राचीन स्मारकांच्या कायद्याला वास्तू किमान १०० वर्षं जुनी हवी असते. घोटुलाचं लाकूड कुजतं, वाळवी लागते, दर काही वर्षांनी गाव ते बदलतं. बदलतं म्हणूनच घोटुल टिकतो. शंभर वर्षांची अट तो कधीच पुरी करणार नाही, मग त्याची परंपरा हजार वर्षांची का असेना. मी ज्या कायद्याला वारसा कायदा म्हणत होते, त्याच्या लेखी या दोन जिल्ह्यांतल्या कितीतरी लोकांकडे वारसाच नव्हता.

वन हक्क कायदा २००६चा. तोवर मी तो जमिनीच्या पट्ट्यांचा कायदा समजून बाजूला ठेवला होता. त्याचं कलम ५ मी पहिल्यांदा लक्ष देऊन वाचलं तेव्हा वाचतच राहिले. हक्कधारकांच्या सांस्कृतिक आणि नैसर्गिक वारशाला बाधा आणणाऱ्या विनाशकारी कृतींपासून त्यांचं वसतिस्थान जपण्याचा अधिकार ते कलम ग्रामसभेला देतं. १९९६चा पेसा कायदा त्याहून आधीचा. लोकांच्या परंपरा, रूढी, सांस्कृतिक ओळख जपण्यास ग्रामसभा सक्षम आहे, असं तो म्हणतो. वारसा कायद्यावर बोलताना मी ही दोन कलमं कधी उच्चारली नव्हती. मेंढाला वन हक्क कायद्याखाली २००९ साली सुमारे १,८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला आणि २०११च्या एप्रिलमध्ये बांबू वाहतुकीचे परवाने ग्रामसभेच्या हाती आले. देवाजी तोफा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांनी हा मार्ग अभ्यास करत, गावाला सोबत घेत, न्यायालयाबाहेर शोधला होता. आम्ही वकील मागाहून पोचलो.

वन हक्काच्या नियमांमध्ये पुराव्यांचा एक नियम आहे, १३ क्रमांकाचा. दाव्यासाठी कोणते पुरावे चालतील याची त्यात यादी आहे. त्यात देवराया, पवित्र झाडं, तळी, दफनभूमी आहेत आणि दावेदार सोडून गावातल्या वडीलधाऱ्यांचं लेखी घेतलेलं निवेदनही आहे. उलटतपासणीत साक्षीदाराला कागदावर आणणं हे ज्यांचं रोजचं काम, त्यांना हा नियम हलवून सोडतो. सरकारी कागद नसेल तर म्हाताऱ्या माणसाची आठवण पुरावा म्हणून घ्या, असं कायदाच सांगतो.

असं एक निवेदन लिहून घ्यायला मी एका माडिया गावात गेले होते. गावचा गायता, म्हणजे पारंपरिक प्रमुख, पुढे आणि त्याच्या मागे आम्ही सगळे. वनखात्याच्या नकाशावर तिथे कक्ष क्रमांक होते. गायत्याच्या तोंडी प्रत्येक ओहोळाला नाव होतं, प्रत्येक खडकाची गोष्ट होती. इथून पुढे शेजारच्या गावाचा देव, इथे पेरणीआधीची पूजा, या झाडाखाली पहिलं मोहफूल ठेवतात. तो माडियात सांगायचा, एक शिकलेला मुलगा मराठीत सांगायचा, मी लिहायची. मी वाचून दाखवलं की मागच्या बाया लगेच दुरुस्त करायच्या. एका नाल्याची हद्द गायत्यानं सांगितली तेव्हा एक आजी पुढे आल्या आणि म्हणाल्या, तो नाला आमच्या लहानपणी पलीकडून वाहायचा, हद्द जुन्या पात्राची धरा. गायता क्षणभर थांबला आणि हो म्हणाला. इतकी काटेकोर हद्द-साक्ष मी दिवाणी न्यायालयात क्वचित ऐकली आहे.

शेवटी आम्ही गावाच्या दफनभूमीत आलो. माडिया लोक मृतांच्या स्मरणार्थ दगड उभे करतात. त्यांच्यातले काही शेवाळलेले, कलंडलेले, कुणाचे ते कुणाला सांगता येत नव्हतं. एक मात्र नवा होता, त्याच्या बुडाशी माती अजून भुसभुशीत होती. विदर्भात महापाषाण काळातली स्मारकं आहेत, चंद्रपूर जिल्ह्यात हिरापूरला आहेत, त्यांवर पुरातत्त्वज्ञांनी लिहिलं आहे. अडीच-तीन हजार वर्षांपूर्वी उभे केलेले दगड अभ्यासाचा आणि संरक्षणाचा विषय होतात. तशीच रीत पाळून परवा उभा केलेला दगड कायद्याला दिसत नाही. खरं तर रीत जिवंत आहे ती या परवाच्या दगडात. ही रीत पाळणारं गाव तिथून उठलं, तर ते सगळे दगड पुढे फक्त उत्खननाचा विषय उरतील.

त्यानंतर एटापल्ली तालुक्यातल्या सुरजागडकडे मी वेगळ्या नजरेनं पाहू लागले. तो ठाकूरदेवाचा डोंगर. दर जानेवारीत तिथे यात्रा भरते, इलाख्यातल्या गावांचे लोक देव घेऊन येतात. १८५८ साली इंग्रजांविरुद्धच्या उठावासाठी चंद्रपूरच्या तुरुंगात फाशी गेलेल्या बाबूराव शेडमाके यांची आठवणही या डोंगराशी जोडलेली आहे. तिथे संरक्षित स्मारक म्हणून दाखवता येईल असं कोरीव मंदिर नाही. लोहखनिज मात्र उत्तम प्रतीचं आहे. २००७ साली तिथे ३४८ हेक्टरचा खाणपट्टा दिला गेला. त्याच वर्षाच्या अखेरीस, ३१ डिसेंबरला, वन हक्क कायदा अमलात आला. कायदा लागू होण्याआधी पट्टा, आणि हक्क सांगणारी माणसं त्या पट्ट्याच्या आधीपासूनची. हा पेच आजही सुटलेला नाही. खाणीतून रोजगार आला, ट्रक आले, काही तरुणांना नोकरी मिळाली, त्यांचं म्हणणंही ऐकलं पाहिजे. पण डोंगराला देव मानणाऱ्या ग्रामसभांना आधी आणि त्यांच्या गावात जाऊन विचारायला हवं होतं, याबद्दल माझ्या मनात आता तिळमात्र शंका नाही.

हे भावनेचं बोलणं नाही, देशाच्या सर्वोच्च न्यायालयानं दाखवलेली वाट आहे. ओडिशातल्या नियमगिरीच्या प्रकरणात १८ एप्रिल २०१३ रोजी न्यायालयानं सांगितलं की डोंगरिया कोंध आणि इतरांच्या धार्मिक, सांस्कृतिक हक्कांना खाणीमुळे बाधा येते का, याचा विचार ग्रामसभांनी करावा. १२ ग्रामसभा बसल्या आणि बाराही गावांनी खाणीला नकार दिला. नियमराजाचा डोंगर कुठल्याही स्मारकांच्या यादीत नव्हता. त्याला वाचवलं ते माणसांच्या हक्कानं.

जवळच पाहायचं तर ताडोबा आहे. ताडोबा तलावाच्या काठी तारू देवाचं ठाणं आहे. वाघाशी झुंजताना मेलेला गोंड गावप्रमुख तो, असं लोक सांगतात, आणि त्याच्याच नावावरून जंगलाला नाव मिळालं. पौषात तिथे यात्रा भरायची. १९५५ साली राष्ट्रीय उद्यान झालं, १९९५ साली अंधारी अभयारण्यासह व्याघ्र प्रकल्प झाला आणि देवाला जाण्यावर बंधनं आली. वाघ वाचले याचा मला आनंद आहे. पण पर्यटकांच्या जिप्सी जिथे ठरलेल्या वेळी जाऊ शकतात, तिथे वर्षातून एकदा पूजेला जाणाऱ्या भक्तांसाठीही वेळ ठरवता येते. त्यानं वाघाचं काही बिघडत नाही, फक्त त्या भक्तांचा हक्क कागदावर यावा लागतो.

माझे सहकारी मला रास्त प्रश्न विचारतात. भाविकच मूर्तींना तेल-शेंदूर थापतात, सभामंडपाला फरशा बसवतात, ऑइलपेंट लावतात, त्याचं काय? उद्या ग्रामसभेनंच डोंगर विकायचा ठराव केला तर? हे धोके खरे आहेत. म्हणून १९५८चा कायदा सैल करा असं मी म्हणत नाही. तो सैल झाला तर पहिला फायदा तटाला खेटून मजले चढवणारे घेतील. मार्कंड्याच्या शिल्पांना तज्ज्ञाचाच हात लागला पाहिजे. माझं मागणं वेगळं आहे. प्रत्येक स्मारकासाठी त्या जागेचा विचार करून वारसा उपविधी करावेत असं २०१०ची दुरुस्तीच सांगते. देशातल्या बहुसंख्य स्मारकांसाठी ते अजून झालेले नाहीत. ते करताना तटालगतच्या वस्तीला बोलवा, घरचा संडास आणि सहा मजली इमारत यांत फरक करा. ग्रामसभेच्या निर्णयाबद्दल म्हणाल तर चुकीचा निर्णय कुणीही घेऊ शकतं, खातंही आणि न्यायालयही. पण जिथे गावाला सगळी माहिती मिळाली, बायका बोलल्या आणि घाई झाली नाही, अशा सभेनं स्वतःचा देव मोडायचा ठराव केलेला मी अजून पाहिलेला नाही.

आता माझी कामाची रीत बदलली आहे. प्रकरण आलं की मी आधी विचारते, इथे दिवा कोण लावतं, झाडलोट कोण करतं, यात्रेला कुठून लोक येतात? त्यांना पक्षकार केल्याशिवाय मी याचिका दाखल करत नाही. अनुच्छेद ४९ अजूनही पहिल्या पानावर असतो, पण त्याच्या शेजारी अनुच्छेद २९ असतो, आपली संस्कृती जतन करण्याचा नागरिकांचा हक्क सांगणारा. माझ्या मते या दोन जिल्ह्यांत हे दोन्ही एकत्र वाचल्याशिवाय वारसा कायदा पुरा होत नाही.

नव्या वकिलांना माझं सांगणं एवढंच आहे. राजपत्र वाचा, पण माडिया आणि गोंडीही शिका. दुभाष्याशिवाय ऐकलेली साक्ष वेगळीच असते. गावकऱ्यांनाही एक विनंती आहे. तुमच्या गावचे देव, ठाणी, देवराया, दफनभूमी, यात्रेच्या वाटा यांची माहिती असलेली वडीलधारी माणसं आज आहेत तोवर त्यांची निवेदनं लिहून घ्या. तारीख घाला, सही किंवा अंगठा घ्या, बायकांचीही घ्या, ग्रामसभेत वाचून दाखवा आणि ठराव करून नोंदवहीत चढवा. त्याची एक प्रत वन हक्काच्या उपविभागीय समितीला द्या आणि पोच मागून घ्या. यासाठी वकील लागत नाही. पण उद्या न्यायालयात जायची वेळ आली, तर त्या वहीसारखा भक्कम कागद तुमच्या वकिलाकडे दुसरा नसेल.